बॉनहून आलेली मुराळी

एका सोमवारी सकाळी शाळेच्या कुंपणावर मफलरच मफलर दिसले आणि मला आधी वाटलं, कुणीतरी धुणं वाळत घातलंय. निळे-पांढरे, काही विटलेले, काही कसरीनं खाल्लेले, एक तर इतका जुना की त्याच्या रंगावरून वाद घालता आला असता. आम्ही त्या उन्हाळ्यात जर्मनीतल्याच त्सुफेनहाउझेनहून एश्बॉर्नला राहायला आलो होतो, शाळा नवी होती, आणि नव्या जागी मला सगळ्याच गोष्टींबद्दल प्रश्न पडायचे. शेजारच्या बाकावरच्या लेनाला विचारलं, तर ती म्हणाली, "हाइमकेअरवोखे. घरी परत यायचा आठवडा. शाळेतले जुने विद्यार्थी येतात. हे त्यांचेच मफलर." "येऊन काय करतात?" "येतात," ती म्हणाली, जणू यापुढे काही सांगायची गरजच नव्हती.

मग ते खरंच आले. इतिहासाच्या तासाला टक्कल पडलेले एक गृहस्थ शेवटच्या बाकावर गुडघे दुमडून बसले, आणि बाईंनी त्यांना सगळ्यांसमोर उभं करून प्रश्न विचारला. त्यांना उत्तर आलं नाही. बाई म्हणाल्या, "तेव्हाही येत नव्हतं." अख्खा वर्ग हसला आणि ते गृहस्थ सगळ्यात जास्त हसले. मी घरी येऊन हे आईला सांगितलं, तर तिनं कणीक मळता मळता हात थांबवला. "एवढा मोठा माणूस मुद्दाम रजा काढून अपमान करून घ्यायला येतो?" "अपमान नाही गं." "मग काय?" मलाही तेच तर जाणून घ्यायचं होतं.

आमचं घर चौथ्या मजल्यावर होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून काचेच्या ऑफिसांची रांग दिसायची आणि तिच्यामागून एस-बान, म्हणजे इथली लोकल, जाताना घरातले चमचे किंचित किणकिणायचे. बाबा त्यातल्याच एका ऑफिसात कुठल्याशा बँकेचं सॉफ्टवेअर तपासायचे. आईच्या कुकरच्या शिट्ट्या मात्र एस-बानपेक्षा लांब जायच्या. पहिल्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या आजी घाबरून वर आल्या होत्या. आईनं त्यांना आत बसवून वरणभात वाढला, वर तुपाची धार सोडली, आणि तेव्हापासून शिट्टी झाली की त्या खालून पाइपावर दोनदा टकटक करायच्या. याचा अर्थ काय, हे आम्हांला शेवटपर्यंत कळलं नाही. आई म्हणायची, भूक लागली असेल. बाबा म्हणायचे, तक्रार असेल. आई वाटी पाठवायची, वाटी रिकामी परत यायची, म्हणजे आईचंच खरं.

मी शाळेच्या मुलींच्या संघात गोलकीपर होते. एक नंबरचा शर्ट. तो सीझन बहुतेक पावसातच गेला. शनिवारी सकाळी सामना, हेर ब्रेनर, म्हणजे ब्रेनर सर, आमचे ट्रेनर, कडेला उभे राहून ओरडतायत, चिखल कानात गेलेला, आणि पलीकडे छत्रीखाली बाबा, हातात थर्मास. आई एकदाही आली नाही. फुटबॉलबद्दल तिचं मत पक्कं होतं. "लोकांनी लाथ मारलेला चेंडू आपण पोटावर झेलायचा, ह्यात खेळ कसला गं?" मी हातमोजे रेडिएटरवर वाळत टाकले की ती नाक मुरडायची, पण दुसऱ्या दिवशी ते धुतलेले आणि दोरीवर चिमट्यांनी लावलेले असायचे. सप्टेंबरच्या शेवटी एका सामन्यात माझं बोट मुरगळून वांग्यासारखं सुजलं. हळदीचा लेप लावताना आई एक शब्द बोलली नाही, आणि ती बोलत नाही तेव्हा काहीतरी ठरवत असते. लेप लावून झाल्यावर म्हणाली, "हा सीझन पुरा कर. मग बास. मोडून घ्यायचे आहेत का हातपाय?" बाबा मधे पडायला गेले. "अहो, तुम्ही गप्प बसा, तुम्ही नुसते छत्री धरून उभे राहता."

मला तेव्हा त्या खेळावाचून दुसरं काही सुचत नव्हतं, हे आज वाचणाऱ्याला सांगायला हवं. वर्गात मी अजून "ती नवी मुलगी" होते. गोलमध्ये उभी राहिले की मात्र दहाजणी माझ्याकडे वळून बघायच्या, माझं नाव घेऊन ओरडायच्या, आणि मी ओरडले की ऐकायच्या. सीझनचा शेवटचा सामना त्या हाइमकेअरवोखेच्याच शनिवारी होता, शेजारच्या गावाच्या शाळेशी. तो झाला की आईचा "बास" लागू होणार होता. मला तो सामना पूर्ण खेळायचा होता, आणि मनातल्या मनात अशीही आशा होती की त्यानंतर काहीतरी होईल आणि आई तो शब्द मागे घेईल. काय होईल, ते ठाऊक नव्हतं.

मंगळवारी हेर ब्रेनरनी आम्हांला शनिवारची रीत समजावून सांगितली. त्या दिवशी कुठलीही मुलगी एकटी मैदानावर येत नाही. जिचा जो नंबर, तो नंबर पूर्वी ज्यांनी घातला त्यांच्यापैकी एकजण सकाळी तिच्या घरी जाते, दारात पाव-लोणी काहीतरी खाते, आणि तिला चालत मैदानावर घेऊन येते. मग लाकडी फाटकातून दोघी बरोबर आत. ह्याला आबहोलेन म्हणायचं, म्हणजे न्यायला येणं. आणि जिला न्यायला कुणी येत नाही तिनं सुरुवात बाकावरून करायची. "हे का?" मी विचारलं. हेर ब्रेनर म्हणाले, "असंच आहे." तो आठवडाभर हे उत्तर मी इतक्या जणांकडून ऐकलं की शेवटी मला ते आवडायलाच लागलं. माझ्या आधीच्या एक नंबरांपैकी उटे नावाची बाई यायची होती, तिशीतली, बॉनला एका मोठ्या कंपनीच्या ऑफिसात काम करणारी.

रात्रीच्या जेवणाला मी हे सांगितलं आणि आईचा घास हातातच राहिला. "म्हणजे मुराळी!" ती म्हणाली. "कोण?" "अगं, मुराळी! सासरच्या लेकीला सणाला माहेरी न्यायला येतो तो. भाऊ, काका, कुणीतरी. त्याला आधी गूळ-पाणी द्यायचं. मग जेवायला बसवायचं. मग तो विषय काढतो, ताईला न्यायला आलोय. मग सासरचे म्हणतात, छे, एवढ्यात नाही पाठवत." मी म्हटलं, "आणि मग?" पण तेवढ्यात फोन वाजला आणि आई उठून गेली. ते "आणि मग" मी पुढे विचारलंच नाही. आईनं उरलेले दिवस मात्र मला भंडावून सोडलं. "शाकाहारी आहे का ती? लग्न झालंय? मुलं किती? तिखट चालतं?" "आई, मला काय माहीत!" "कमाल आहे बाई तुझी. तिचा शर्ट घालून हिंडतेस आणि तिची एवढी चौकशी नाही केलीस?"

शनिवारी घरात सणाचा वास होता. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, क्वार्क, म्हणजे इथलं चक्क्यासारखं दही, रात्रभर फडक्यात टांगून केलेलं श्रीखंड. आई चक्क नारायण पेठ साडी नेसली होती. मला म्हणाली, न्हाऊन घे, न्यायला येणाऱ्यासमोर पारोशी जाणार का? मी म्हटलं, मी तासाभरात चिखलात लोळणार आहे. ती म्हणाली, लोळायचं ते स्वच्छ होऊन लोळ. बाबांना तिनं ऐनवेळी बेकरीत पिटाळलं, पाहुणीला खिचडी नाहीच आवडली तर दोन ब्रोट्शन, छोटे गोल पाव, असू देत म्हणून. मी केसांवर पाणी घेत होते तेव्हा बेल वाजली. आईचं "या, या" ऐकू आलं, मग फोल्क्सहोखशूलेतल्या, मोठ्यांच्या वर्गात शिकलेल्या तिच्या जर्मनचे सावकाश, नीट मांडलेले शब्द, मग उटेचा हसरा जाड आवाज. मला इतकी उत्सुकता होती की मी साबण अर्धाच धुऊन बाहेर आले.

तर बैठकीत एकटी आई. हातात खिचडीची बशी. दाराशी उटेचे बूट नव्हते.

"कुठेय ती?"

"गेली."

"गेली म्हणजे?"

"अगं, मी पाणी दिलं. बशी भरून आणली. तिनं विचारलं, मुलगी तयार आहे का, नेऊ का? मी म्हटलं, छे छे, आज काही आम्ही पाठवत नाही. तर ती म्हणाली, आख झो, शाड, म्हणजे अस्सं, वाईट झालं. आणि उठलीच की! मी आपली बघतच राहिले. घास तरी खायचा बाई!"

"तू नाही म्हणालीस?"

"अगं, नाही म्हणायचं असतं पहिल्यांदा! लगेच हो म्हटलं तर मुलगी जड झालीय असं वाटतं. मग ते आग्रह करतात, आपण परत नाही म्हणतो, मग..."

"तुला पाठवायचंच नव्हतं!" हे मी जर्मनमध्ये ओरडले. घरात खूप राग आला की माझी मराठी आधी पळून जायची. "तुला माझं खेळणं नकोच आहे, म्हणून तू नाही म्हणालीस!" आईनं बशी टेबलावर ठेवली. तेवढ्यात बाबा पावाची पिशवी घेऊन आत आले, दोन वाक्यांत त्यांना सगळं कळलं, आणि त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, इथल्या माणसाला नाही म्हटलं की विषय संपला. माझ्या ऑफिसात पहिल्या महिन्यात मला केक विचारला, मी नको म्हटलं. आल्झो, तर आजतागायत परत कुणी विचारलेलं नाही." त्यांनी हेर ब्रेनरना फोन लावला. वाजत राहिला.

आईनं डबा भरला. हो, त्या घाईत तिनं डबा भरला, खिचडीवर झाकण दाबलं, साडी वर खोचली, पायांत बाबांचे चालायचे बूट घातले आणि म्हणाली, "चल." मी तिला तोवर कधी धावताना पाहिलं नव्हतं. ऑफिसांच्या मागचा शेतातला रस्ता, दोन्ही बाजूंना कापून ठेवलेला मका, शनिवारचे कुत्रे फिरवणारे लोक, आणि त्यातून नारायण पेठ नेसलेली माझी आई हातात डबा घेऊन धावतेय, मागे मी ओल्या केसांनी, मागे बाबा पावाची पिशवी घेऊन. लोक थांबून बघत होते. मी बॉनला राहते आता, आणि उटे पहाटे उठून किती गाड्या बदलून आली असेल ते मला आता नीट कळतं. ती दाराशी येऊन, नकार ऐकून, एक शब्द वाकडा न बोलता परत फिरली होती. त्या दिवशी मी तिचा विचार केला नव्हता.

फाटकाशी सगळ्या जोड्या उभ्या होत्या. लेना माझी बदली गोलकीपर, तिनं हातमोजे घातलेले, चेहरा पांढराफटक. उटे बाजूला एकटीच उभी होती, उंच, नाकावर उन्हाचे डाग. हेर ब्रेनरनी मला पाहून मान हलवली. "आईनं नकार दिलाय, सायली. आईवडिलांची परवानगी नसताना मी तुला उतरवू शकत नाही. आणि तुला आणायला गेलेली व्यक्ती एकटी परत आलीय." ते रागावले नव्हते, हेच वाईट होतं. रीत होती, ती मोडली होती, विषय संपला होता.

आई पुढे झाली. आईचं जर्मन भाजीवाल्याशी आणि डॉक्टरांशी पुरेल इतकंच होतं, आणि चार लोक जमले की तेही घशात अडकायचं. तिथे शंभरेक लोक असतील. "मी आई," ती म्हणाली. "मी नाइन म्हटलं. पण ते नाइन, नाइन नाही." हेर ब्रेनर माझ्याकडे बघायला लागले. मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तर आईनं हातानं मला थांबवलं. उटेकडे वळून, एकेक शब्द शोधत, तिनं सांगितलं. आमच्याकडे मुलीला कुणी न्यायला आलं की आम्ही आधी नाही म्हणतो. मुलगी आम्हांला प्रिय आहे, हे दाखवायला. मग तुम्ही पुन्हा मागायचं. तुम्हांलाही ती हवी आहे, हे दाखवायला. "तुम्ही एकदाच विचारलंत," आई म्हणाली, आणि तिच्या आवाजात चक्क तक्रार होती.

उटे रागावेल असं मला वाटलं. पण तिच्या डोळ्यांत तेच कुतूहल दिसलं जे आठवडाभर माझ्या डोळ्यांत असावं. "किती वेळा विचारायचं असतं?"

"तीनदा तरी. आणि मधे खायचं."

उटे हेर ब्रेनरना म्हणाली, "आल्झो, मी आणायला गेले, पण नीट आणलं नाही. म्हणजे माझं काम अजून झालेलंच नाही." ती फाटकापासून दहा-बारा पावलं मागे गेली, परत आली, आईसमोर उभी राहिली, आणि पाहुण्यांच्या आवाजात म्हणाली, "सायलीला न्यायला आलेय. नेऊ का?"

"छे हो, एवढ्यात कुठे? लहान आहे अजून," आई म्हणाली. मराठीतच. मी भाषांतर केलं. माझ्या संघातल्या मुली खुदखुदल्या. बाबांनी डब्याचं झाकण उघडून पुढे केलं, उटेनं बोटांनी चिमूटभर खिचडी तोंडात टाकली, भुवया उंचावल्या, आणखी एक चिमूट घेतली. "सायलीला नेऊ का?"

"ती गेली तर घरातलं काम कोण करणार?" घरात मी पाण्याचा पेलासुद्धा उचलत नसे, हे बाबांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. आता पलीकडच्या शाळेच्या मुलीही जवळ आल्या होत्या. पंचांनी घड्याळात बघितलं, पण शिट्टी फुंकली नाही.

"फ्राउ जाधव," उटे म्हणाली, "आम्हांला ती हवी आहे. नेऊ का?"

आई गप्प राहिली. लोक हसायचे थांबले. मला वाटलं, हे खेळ म्हणून चाललं होतं, पण आता खरं उत्तर येणार. मुरगळलेलं बोट, हळदीचा लेप, "बास" म्हणालेली आई, सगळं मला दिसायला लागलं. आई उटेकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत नव्हती, त्या फाटकाकडे बघत होती. किती वेळ गेला कोण जाणे. मग ती म्हणाली, "न्या." आणि लगेच, मराठीत, "सांभाळून न्या हो, उटेताई. आणि आणून सोडा." उटेला अक्षर कळलं नाही. "गेनाऊ," अगदी बरोबर, असं ती म्हणाली आणि तिनं माझा हात धरला.

हेर ब्रेनर रीतीचे पक्के. उशिरा आणलेली मुलगी दुसऱ्या अर्ध्यात, म्हणाले. पहिला अर्धा मी बाकावर बसले, लेनानं एक गोल खाल्ला आणि दोन सुरेख अडवले. मग मी उतरले. आम्ही एकाला एक बरोबरीत सुटलो, आणि शेवटी शेवटी एक फटका माझ्या पोटावर असा बसला की श्वासच गेला, पण चेंडू सुटला नाही. कडेवरून मराठीत एक किंकाळी आली, "अगं आई गं!" आणि मग, जरा वेळानं, त्याच आवाजात, "शाब्बास!"

सामना संपल्यावर उटे बाबांजवळ बसून डबा संपवत होती, श्रीखंड पावाला लावून. आई कडेच्या बाकावर बसून बाबांच्या बुटातला चिखल काडीनं काढत होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. माझ्या अंगावरून चिखल तिच्या साडीला लागला, तरी ती सरकली नाही. मी विचारलं, "पहिल्या दोनदा ठीक. तिसऱ्यांदा एवढा वेळ का लावलास? मला वाटलं, तू नाहीच म्हणणार."

आई काडीशीच खेळत राहिली. मग म्हणाली, "लग्नानंतरची पहिली दिवाळी. हडपसरला राहायचो आम्ही. मी जातीबाहेर लग्न केलं म्हणून माझ्या घरच्यांनी नाव टाकलं होतं, हे मला माहीत होतं. तरी मी बॅग भरून ठेवली. मजल्यावरच्या सगळ्या बायकांना न्यायला कुणी ना कुणी आलं. भाऊ आले, कुणाचे काका आले. मी आपली बेल वाजली की दार उघडायची. पुढच्या वर्षीही भरली बॅग. मग नाही भरली." तिनं काडी टाकून दिली. "आज माझ्या दारात बाई आली, एवढ्या लांबून, माझ्या लेकीला मागायला. माझी लेक हवी आहे म्हणाली. सगळ्यांसमोर. मला वाटलं, इतक्यात कशाला हो म्हणू? ऐकू दे की मला जरा."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही, नाही तरी तोंड चिखलानं माखलेलंच होतं. आईनं पदरानं माझं कपाळ पुसलं, मग नाक, मग हनुवटी, आणि पलीकडे उटेकडे बघत म्हणाली, "तिला सांग, पुढच्या वर्षी जरा लवकर निघ म्हणावं. मी पाचदा नाही म्हणणार आहे."